लुळ्या हाताची विचारपूस

आजाऱ्याची विचारपूस ही आपल्याकडे सौजन्याची बाब समजली जाते; ती शास्त्राचीही बाब होऊ शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वैद्याने नाडी पाहावी, डॉक्टराने नळी लावावी, यंत्राने रक्तदाब मोजावा, हे सर्व 'तपासणे' होय. आणि 'आता हात कसा आहे?' असे विचारणे म्हणजे केवळ दोन गोड शब्द बोलणे, अशी आपली समजूत असते. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पाश्चात्त्य देशांत प्रश्न हेच एक मापनयंत्र बनले आहे. कोणता प्रश्न, कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमाने विचारावयाचा आणि उत्तरास किती गुण द्यावयाचे, हे ठरवून दिलेल्या प्रश्नावल्या आज रुग्णालयांतून वापरल्या जातात, व त्यांच्या बेरजेवरून रोगी सुधारला की नाही याचा निवाडा होतो.

तापमापक यंत्र लंडनहून यवतमाळास आणले, तरी पारा तेथेही तितकाच चढतो. प्रश्नाचे तसे नाही. प्रश्न एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आला, की त्याचे वजन बदलते. कधी कधी तो प्रश्न तोच राहत नाही. तो तोच राहिला आहे की नाही, हे तपासून पाहण्याचे एक स्वतंत्र शास्त्र निर्माण झाले आहे. त्याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण आपल्या घराघरांतील एका मोठ्या दुःखाशी त्याचा निकटचा संबंध असल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

ते दुःख म्हणजे अर्धांगवायू. आपल्या प्राचीन वैद्यांस तो चांगला परिचित होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात व सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींचे जे अध्याय आहेत, त्यांत शरीराचा एक पक्ष निकामी होण्याचे वर्णन आढळते. लोकभाषेत त्यास 'अंगावरून वारे गेले' म्हणतात; विदर्भात 'लकवा मारला' हा प्रयोग अधिक ऐकू येतो. 'वात', 'वायू' आणि 'वारे' हे शब्द एकाच कल्पनेची वंशावळ दाखवितात. आजचे शरीरशास्त्र असे सांगते की, बाहेरील वाऱ्याशी या रोगाचा संबंध नसून मेंदूतील एखादी रक्तवाहिनी तुंबल्यामुळे अगर फुटल्यामुळे मेंदूचा काही भाग मृत होतो, आणि त्या भागाच्या ताब्यातील हातपाय लुळे पडतात. अपघातात डोक्यास जबर मार बसल्यानेही पुष्कळदा अशीच अवस्था होते.

हा रोग शहरातील सुखवस्तू लोकांचा, अशी एक समजूत दीर्घकाळ होती. ती किती चुकीची आहे हे विदर्भातच सिद्ध झाले. गडचिरोली जिल्ह्यातील 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेल्या मृत्यूंची कारणे घरोघर विचारून नोंदली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू या एका रोगाने झाले होते, आणि मृत्यूच्या कारणांत त्याचाच क्रम पहिला लागला. येथेही साधन होते ते प्रश्नावलीचेच. मृताच्या आप्तांस विचारलेल्या प्रश्नांवरून मृत्यूचे कारण ठरविले गेले. जे मरण पावले त्यांची गणना झाली. जे वाचले आणि एक हात गमावून ओसरीवर बसून राहिले, त्यांच्या हाताची गणना कशी करावयाची, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

या गणनेचे पहिले प्रसिद्ध प्रयत्न अमेरिका व युरोप येथे झाले. १९६५ साली महोनी व बार्थेल यांनी मेरीलंडमध्ये दहा कलमांची एक यादी प्रसिद्ध केली. रोगी स्वतः जेवतो काय, स्नान करतो काय, जिना चढतो काय, असे तिचे स्वरूप होते. १९७५ साली स्वीडनमधील फ्यूगल-मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताच्या हालचालींची कसोटी तयार केली. तीत पूर्ण बऱ्या हातास ६६ गुण मिळतात. पहिली यादी माणसाचे स्वावलंबन मोजते, हाताचे नव्हे. एकाच हाताने सर्व कामे उरकणारा मनुष्य तीत पूर्ण गुण मिळवू शकतो. दुसरी कसोटी हाताची शक्ती मोजते, पण तो हात घरी गेल्यावर खरोखर कामास लागतो की नाही, हे ती सांगत नाही. हात हलविता येणे आणि हात वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सत्य या दोहोंच्या मधून निसटून जात होते.

ते सत्य हाती लागले ते माकडांवरील प्रयोगांतून. १८९५ साली मॉट व शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी माकडाच्या एका हाताच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंची मुळे कापली. स्नायूंस आज्ञा देणारे तंतू शाबूत असताही माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. पुढे एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखविले की, माकडाचा चांगला हात बांधून ठेवला, तर ते निकामी समजला गेलेला हात वापरू लागते. याचा अर्थ असा की, हात असमर्थ होता म्हणून पडून राहिला नव्हता. आरंभीच्या दिवसांत तो वापरण्याचे प्रयत्न फसले, दुसऱ्या हाताने काम भागले, आणि 'हा हात आपला नव्हे' असा धडा माकड शिकून बसले. टॉब यांनी या अवस्थेस जे नाव दिले, त्याचा मराठी अर्थ 'शिकून घेतलेला अनुपयोग' असा करता येईल.

या संशोधनाची वाट सरळ नव्हती. १९८१ साली टॉब यांच्या सिल्व्हर स्प्रिंग येथील प्रयोगशाळेतून १७ माकडे पोलिसांनी ताब्यात घेतली. प्राण्यांच्या हेळसांडीबद्दल त्यांच्यावर खटला झाला, त्यांना दोषी ठरविण्यात आले, आणि १९८३ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मुक्या प्राण्यांच्या यातनांवर उभारलेल्या ज्ञानाची किंमत काय, हा वाद त्या प्रकरणापासून अमेरिकेत जो पेटला तो अद्याप विझलेला नाही. १९९३ साली टॉब व त्यांचे सहकारी यांनी अर्धांगवायूच्या नऊ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौघांचा चांगला हात १४ दिवस झोळीत बांधून ठेवून लुळ्या हाताकडून दहा दिवस रोज सहा-सहा तास काम करवून घेतले गेले. हे चौघे बाकीच्या पाचांपेक्षा स्पष्टपणे सुधारले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रोग्यांवरील मोठ्या प्रयोगाने या उपचारास बळकटी आणली.

पण सुधारणा झाली हे कशावरून ठरले? त्यासाठी टॉब यांच्या मंडळींनी एक प्रश्नावली रचली होती. तिचे इंग्रजी नाव 'मोटर ॲक्टिव्हिटी लॉग' असे आहे. आपण तिला हाताच्या कामाची रोजनिशी म्हणू. तिच्या लहानमोठ्या आवृत्त्या आहेत. सर्वांत परिचित आवृत्तीत तीस कामे आहेत. दिव्याचे बटण दाबणे, खण उघडणे, दाराची मूठ फिरविणे, मोजे घालणे, काटा किंवा चमचा वापरणे, शर्टाची गुंडी लावणे, अशी ती कामे होत. प्रत्येक कामाविषयी दोन गोष्टी विचारावयाच्या: दुबळा हात त्या कामी किती वापरला, आणि कितपत चांगला वापरला. उत्तरास शून्यापासून पाचपर्यंत गुण. आजारापूर्वीचा वापर तो पाच. काम मुळीच केले नसेल तर त्याचे कारणही विचारावयाचे: चांगल्याच हाताने केले काय, दुसऱ्या कोणी करून दिले काय, की ते काम आपण कधी करीतच नाही? प्रश्नावली साधी दिसते; पण हात 'करू शकतो' काय हे न विचारता हात 'करतो' काय हे विचारणे, यातच तिचे सारे महत्त्व आहे.

आता भाषांतराकडे वळू. परकी प्रश्नावली आपल्या भाषेत आणण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट बोलीबोलीत उतरवून घेण्यात आली. आणि तीत येथील लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून काही शब्द मुद्दाम बदलण्यात आले. सर्वांस एकच गोष्ट द्यावयाची, पण ती ऐकणाऱ्यास परकी वाटू नये, हा पेच तेव्हाच पुढे आला होता. मराठी वाचकांस याहून जवळचे उदाहरण धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे आहे. फ्रान्समध्ये बिने व सिमाँ यांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धीची जी प्रश्नमाला केली, तिचे कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी कामत यांनी नवे संस्करण केले. त्यावरील त्यांचा लेख १९३४ साली इंग्लंडमधील एका शिक्षणविषयक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १९४० साली त्यांचा ग्रंथ निघाला. बिने यांच्या मालेत मुलास फ्रेंच नाणी ओळखावयास सांगितले होते. धारवाडच्या मुलास ती ओळखता आली नाहीत तर तो मंदबुद्धी ठरतो काय? अर्थातच नाही. म्हणून असे प्रश्न नुसते भाषांतरित करून भागत नाही. ते पुन्हा मुलांना विचारून, कोणत्या वयाची किती मुले त्यांची उत्तरे देतात हे नव्याने ठरवावे लागते. आज ज्यास प्रश्नावलीचे 'प्रमाणीकरण' म्हणतात, त्याचा पाया मराठीपुरता येथे घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे उदाहरण हरियाणातील बल्लभगडचे. वृद्धांची स्मृती तपासणारी एक प्रसिद्ध अमेरिकन प्रश्नावली १९७५ साली निघाली. तिची हिंदी आवृत्ती १९९५ साली प्रसिद्ध झाली, ती निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी. मूळ प्रश्नावलीत 'डोळे मिटा' हे लिहिलेले वाक्य वाचून तसे करावयाचे होते. ज्यास अक्षर येत नाही त्याने ते कसे करावे? हिंदी आवृत्तीत परीक्षक स्वतः डोळे मिटून दाखवितो आणि 'मी करतो तसे करा' म्हणतो. कागदावर वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे असते. शब्द पार बदलले, पण प्रश्नाचा हेतू राखला गेला. उत्तम भाषांतराची हीच खूण होय.

या कामाची आज एक ठरलेली रीत आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली उलट भाषांतराची पद्धत मांडली: एकाने इंग्रजीतून मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने मराठीतून पुन्हा इंग्रजीत न्यावे, आणि मग दोन इंग्रजी पाठ ताडून पाहावेत. २००० साली बीटन व सहकाऱ्यांनी तीस अधिक पायऱ्यांची शिस्त लावली: दोन भाषांतरे, त्यांचा मेळ, दोन उलट भाषांतरे, जाणत्यांची समिती, आणि शेवटी तीस-चाळीस रोग्यांना प्रत्यक्ष विचारून पाहणे. उलट भाषांतराची एक मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. 'काटा-चमचा' इंग्रजीत परत नेला तर तो बिनचूक मूळ शब्द होऊन परत येईल. पण ज्या घरात काटा नाही तेथे तो प्रश्न निरर्थकच राहील. शब्द बरोबर असूनही प्रश्न चुकू शकतो.

हीच रोजनिशी घेऊन आपण यवतमाळ जिल्ह्यात गेलो तर काय आढळेल, ते पाहू. या जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे लोकवस्ती सत्तावीस लाखांहून अधिक आहे. १९८९ पासून यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथवर पोचणारा रोगी वणीचा वकील असू शकेल, पुसदचा व्यापारी असू शकेल, किंवा झरी-जामणीकडचा कोलाम शेतमजूर असू शकेल. तिघांनाही एकच प्रश्न विचारावयाचे आहेत.

पहिली अडचण 'हात' या शब्दातच आहे. इंग्रजीत खांद्यापासूनच्या अवयवास एक शब्द आणि मनगटापुढील भागास दुसरा. मराठीत दोन्ही हातच. दंड, कोपर, मनगट, पंजा असे तुकड्यांचे शब्द आपल्याकडे विपुल आहेत. पण 'हात वापरता काय?' असे विचारल्यावर एक रोगी खांदा हलतो म्हणून होय म्हणेल, दुसरा बोटे मिटत नाहीत म्हणून नाही म्हणेल. मनगटापर्यंतचा की बोटांपर्यंतचा, हे विचारणाऱ्याने हाताला हात लावून दाखविल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी अडचण कामांच्या यादीची. मोजे, दाराची गोल मूठ, हाताची खुर्ची, खणांचे कपाट, ही वकिलाच्या घरी आहेत. मजुराच्या घरी बहुधा नाहीत. उलट जी कामे त्या घरचे हात दिवसभर करतात, ती यादीत नाहीत. ज्वारीची भाकर थापणे, नऊवारीचा काष्टा घालणे किंवा सहावारीच्या निऱ्या करणे, धोतर नेसणे, तांब्याने अंगावर पाणी घेणे, चुलीत लाकूड सारणे, पाण्याची गुंड उचलणे, विळ्याने निंदण करणे, आणि सर्वांत मोठे काम म्हणजे पऱ्हाटीवरचा कापूस वेचणे. कापूस वेचणाऱ्या बाईचे दोन्ही हात बोंडांवर चालतात आणि ओटी भरत जाते. तिची मजुरी किलोवर मिळते. तिचा एक हात किती सुधारला हे खणाच्या मुठीवरून कळणार नाही. ते तिच्या ओटीवरून कळेल. तसेच भाकरीचे. सुरीने कापून खाण्यास दोन हात लागतात, म्हणून विलायती यादीत जेवणावरून हाताची परीक्षा होऊ शकते. भाकरीचा तुकडा आपण एकट्या उजव्या हाताने मोडतो. डावा हात गेलेला माणूस आपल्याकडे ताटावर अगदी धडधाकट दिसतो.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. आपल्याकडे उजवा हात व डावा हात हे केवळ दोन अवयव नव्हेत. त्यांचे धर्म निराळे आहेत. जेवण, दान, नैवेद्य, कुंकू लावणे हे उजव्याचे, शौचशुद्धी डाव्याची. ज्याचा उजवा गेला त्याला ज्या हाताने शौच त्याच हाताने जेवावे लागते. पंगतीत बसण्याची त्यास लाज वाटते. तो एकटा जेवतो किंवा दुसऱ्याच्या हाताने भरवून घेतो. ज्याचा डावा गेला त्याच्या मुख्य अडचणीचा या रोजनिशीत उल्लेखच नाही. आणि प्रश्न विचारणारी तरुण विद्यार्थिनी असेल तर तो स्वतः होऊन ती कधीही सांगणार नाही. विचारणारा कोण, ऐकणारे कोण जवळ बसले आहेत, यावरही उत्तर अवलंबून असते.

चौथी अडचण तर आपल्या सद्गुणातूनच उद्भवते. आजाऱ्यास काही करू द्यावयाचे नाही, ही आपल्या घरांची रीत आहे. सून घास भरविते, मुलगा गुंडी लावून देतो, नातवंडे पाण्याचा पेला ओठांशी नेतात. 'दुसऱ्या कोणी करून दिले' हे मूळ यादीतील एक सामान्य कारण. आपल्याकडे ते सेवेचे व प्रतिष्ठेचे कारण होते. 'बाबांना स्वतः पाणी घ्यावे लागते' असे सांगणे म्हणजे मुलाने आपल्यावर दोष ओढवून घेणे होय. परंतु टॉब यांच्या माकडांनी जो धडा शिकविला तो येथेच स्मरणात ठेवला पाहिजे: न वापरलेला हात न वापरण्यास शिकतो. आपली माया हाताला बसवून ठेवीत असेल, तर ती मोजून दाखविणे हेच या प्रश्नावलीचे आपल्या समाजातील सर्वांत मोलाचे कार्य ठरेल.

भाषांतर झाले म्हणजे पडताळा घ्यावयाचा. त्याचे दोन भाग आहेत. पहिला विश्वसनीयतेचा: हात बदलला नसेल तर आठवड्याने पुन्हा विचारल्यास तेच उत्तर यावे, आणि यादीतील कलमे एकमेकांशी जुळती असावीत, हा जुळतेपणा मोजण्याचे क्रॉनबाक यांचे प्रसिद्ध सूत्र १९५१ सालचे आहे. दुसरा यथार्थतेचा: ज्याचे गुण अधिक त्याचा हात खरोखर अधिक चालतो काय? यासाठी उत्तरे हालचालींच्या कसोटीशी, घरच्यांच्या सांगण्याशी आणि मनगटावर बांधलेल्या हालचालमापक यंत्राच्या नोंदीशी ताडतात. येथे एक भ्रम टाळला पाहिजे. 'काटा वापरता काय?' या प्रश्नास शंभर शेतकरी आज नाही म्हणतील आणि पुढील आठवड्यातही नाही म्हणतील. उत्तर विलक्षण स्थिर, आणि विलक्षण निरुपयोगी. विश्वसनीयतेचे आकडे पाहून समाधान मानणारा संशोधक अशा ठिकाणी फसतो. यथार्थता ही रोग्याच्या घरात पायरी चढल्यावाचून कळत नाही.

अडचणींप्रमाणे सोयीही आपल्या भाषेत आहेत. शून्य ते पाच या मापात पाव, अर्धा, पाऊण व पूर्ण वापराच्या पायऱ्या आहेत. शेकडेवारी न कळणारा वृद्धही 'रुपयात आठ आणे हात आला' असे सहज म्हणतो. आणा १९५७ साली चलनातून गेला, तरी बोलण्यातून गेलेला नाही. चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे, ही त्या मापाची जणू तयार मराठी आवृत्तीच आहे. मात्र तरुण रोग्यास ती समजते काय, हेही विचारूनच पाहावे लागेल. आणि मराठी झाली म्हणजे यवतमाळचे काम संपले असेही नाही. तांड्यावर बंजारा बोली आहे, पोडांवर कोलामी, अनेक गावांत गोंडी, शहरांतून उर्दू. कोलामी व गोंडी तर द्राविड कुळातल्या. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नव्हे. पुण्याच्या मराठीत छापलेला कागद तेथे वाचून दाखविणे म्हणजे विचारपूस नव्हे.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? आकड्यांवाचूनही वैद्य रोगी बरा करतातच. ते खरे आहे. परंतु कोणता उपचार चालू ठेवावा, कोणत्या रोग्यास घरी पाठवावे, कोणत्या गावी व्यायामोपचार शिकविणारा मनुष्य नेमावा, हे निर्णय आज आकडे पाहूनच होतात. ज्या हाताचे काम यादीत नाही, त्या हाताची सुधारणाही हिशेबात येत नाही आणि त्याची हानीही येत नाही. कापूस वेचणारीचा हात चार आण्यांवरून बारा आण्यांवर आला, तरी कागदावर तो शून्यच राहिला, तर उपचार निष्फळ ठरेल आणि बंद होईल. उलट, वकिलाच्या हाताची प्रगती नीट मोजली जाऊन सारी साधने त्याच्याचकडे वाहतील. अन्याय करण्याचा कोणाचाही हेतू नसता केवळ भाषांतराच्या आळसाने असा अन्याय घडू शकतो.

कामत यांनी नव्वद वर्षांपूर्वी परक्या प्रश्नमालेस मराठी मुलांच्या दारात उभे करून पुन्हा पारखले. तीच शिस्त आता लुळ्या हातांच्या बाबतीत पाळावयाची आहे. परकी प्रश्नावली टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. हात काय करू शकतो यापेक्षा तो काय करतो हे विचारण्याची तिची दृष्टी अमूल्य आहे. ती दृष्टी घ्यावी आणि कामांची यादी येथल्या चुलीवरून, न्हाणीतून व शेतातून भरावी. मग रोग्याला प्रथमच असे वाटेल की, हा कागद आपल्याशी बोलत आहे. आणि ज्याला असे वाटते तोच खरे उत्तर देतो.